पावसाच्या उचापती

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्यापासून वर्षातले सगळ्यात लांब असतो, साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटर. जानेवारीत हेच अंतर पन्नासेक लाख किलोमीटरनं कमी होतं, आणि नेमके तेव्हाच आपण स्वेटर काढतो! ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. अंतराला इथे फारसं कुणी विचारत नाही.

पंचांगातला पाऊस मात्र वाहनावरून येतो. सूर्य नव्या नक्षत्रात शिरला की तिथपासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकी बघायची. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीनला बेडूक. बाकी शून्य आली तर? हत्ती! म्हणजे हाती काहीच उरत नाही, तेव्हा धो धो पाऊस. हा हिशेब बसवणारा माणूस भलताच मिश्कील असणार.

२६ जुलै २००५ ला कुठलं वाहन होतं कोण जाणे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. तेव्हा पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवशी ४७ हजार लिटर पाणी कोसळलं, दहा हजारी टँकर जवळजवळ पाच. आणि कुलाब्यात? पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नाही. शहर एकच.

घाटात हा पक्षपात दरवर्षीचा. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर पाणी खाली पडायचं नावच घेत नाही. कोकणातून चढणारा वारा कड्याला धडकतो, खिंडीतून वर उसळतो आणि धबधबा उलटा फेकून देतो. खाली उभा राहणारा कोरडा आणि वर उभा राहणारा चिंब.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र नशिबात असलं तरच दिसतं. पाठीशी ऊन, पुढ्यात दरीतलं धुकं, त्यावर आपली सावली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं अख्खं कडं. साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच याची नोंद करून ठेवली होती. गंमत अशी की शेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला तेजोवलय दिसतं ते फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. सेल्फीच्या आधीची सोय!

वीज चमकली की सेकंद मोजायला लागा. दर तीन सेकंदांमागे एक किलोमीटर. आकडा तीसच्या आत आला तर झाडाखालून आधी निघा. विजेच्या वाटेतली हवा ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट.

आता वेधशाळेचं. १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती, आणि नाद बूमरँगचा. मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटाटोपात त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेच्या दाबाचा सीसॉ सापडला: एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. दर उन्हाळ्यात टीव्हीवर ज्या एल निनोची भीती घालतात, त्याचं हे दुसरं अंग. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे दिल्लीला गेलं. शिवाजीनगरची ती इमारत मात्र पुणेकरांच्या लेखी अजून 'सिमला ऑफिस'च. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं.