रोह्याची कुंडलिका

तुम्ही कधी वैशाखात रोह्याला गेला आहात का? त्या दिवसांत कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात. पात्रात नुसते धोंडे दिसतात. पण रोह्याची कुंडलिका वाहतच असते. आता वैशाखात काही पाऊस पडत नाही. मग हे पाणी येतं कुठून?

ते येतं घाटावरून. पुणे जिल्ह्यात मुळशी आहे. तिथे मुळा नदीवर टाटांच्या कंपनीने मोठे धरण बांधले. ही मुळा खरी पूर्वेला जाणारी. ती पुण्याला मुठेला मिळते. पुढे तिचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. धरणाने ते अडवले आणि पश्चिमेकडे वळवले. मोठमोठ्या लोखंडी नळांतून ते डोंगराखाली भिरा गावी आणले. ही उतरण आहे सुमारे 500 मीटर! एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी जोराने चाकावर आदळतं. चाक फिरतं, आणि वीज तयार होते. 1927 सालापासून हे काम चालू आहे. वीज गेली मुंबईला.

पण वीज करताना पाणी संपत नाही, बरं का. चाक फिरवून ते जसंच्या तसं बाहेर पडतं. तेच आपल्या कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहाल इथे बंधारा आहे. तिथून कालवे निघतात. त्या पाण्यावर रोहा-माणगावकडचे शेतकरी उन्हाळ्यातही भात काढतात. कोकणात दोनदा भात! पूर्वी कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

या पाण्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी दिली. मुळशीच्या खोऱ्यात मावळ्यांची सुमारे पन्नास गावे होती. त्यांची घरं, देवळं आणि भाताची खाचरं धरणाखाली गेली. जमीन सोडायला ते तयार नव्हते. 1921 साली त्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. बायाही मागे राहिल्या नाहीत. कित्येकांनी तुरुंग भोगला. तरी धरण झालंच. आम्हांला वाटतं, कालव्याचं दार उघडताना मुळशीचं नाव रोहेकरांनी घ्यायला हरकत नाही.

रोहा गाव नदीच्या एका काठाला, अष्टमी दुसऱ्या काठाला. म्हणून नगरपालिकेचं नाव रोहा-अष्टमी. समुद्राची भरती इथवर चढते. त्यामुळे पूर्वी खाडीने गलबतं येत आणि भात भरून नेत. जवळच अवचितगड उभा आहे. ग्रामदैवत धावीर महाराज. त्यांच्या पालखीला पोलीस बंदुकीने मानवंदना देतात. असा मान फार थोड्या देवांना असेल! चिंतामणराव देशमुखांचं लहानपण याच गावात गेलं. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर पहिली भारतीय सही त्यांची. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. पण मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून 1956 साली त्यांनी ते पद सोडलं.

आता शेजारच्या पेणकडे पाहा. तिथेही नदी आहे, भोगावती. पण पेणच्या खारेपाटात चहूकडे खाडीचं पाणी. शेतं राखायला मातीचे बांध घालावे लागतात. पावसाचं पाणी बाहेर जायला उघाडी ठेवतात. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं, आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात नीट पिकत नाही. हेटवण्याला धरण झालं, तरी खारेपाटातल्या बायांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागली आहे. एकाच जिल्ह्यात, दोन शेजारी तालुक्यांत एवढा फरक!

पण रोह्याचं पाणीही निर्धास्त नाही. गावाजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आले. पोरांना नोकऱ्या मिळाल्या, हे खरं. पण कारखान्यांचं सांडपाणी नदीत गेलं आणि मासे कमी झाले, अशी खाडीकाठच्या कोळ्यांची तक्रार आहे. भातशेती वरच्या अंगाला, मासेमारी खालच्या अंगाला. वरच्याला जे दिसत नाही, ते खालच्याच्या जाळ्यात येतं.

आणखी एक सांगतो. भिऱ्याहून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. आभाळ कोरडं असतं, म्हणून माणूस गाफील राहतो. कोलाडच्या बाजूला धुणं धुवायला, गुरं पाजायला उतराल तर पाणी सुटायची वेळ आधी विचारून घ्या. पोरांना एकटं सोडू नका.

शेवटी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. मुखाच्या एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा किल्ला. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते 1740 साली मराठ्यांकडे आलं. पण कोर्लईत काही ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. शेजारचं चौल तर दोन हजार वर्षांचं जुनं बंदर. घाटावरचं मुळशीचं पाणी तिथं अरबी समुद्रात जातं.