तीस वर्षांचा आजार, दोन वर्षांची मुदत

"भट्टीच्या दाराची दोरी कोण बदलायचं?"

आकुर्डीतल्या एका कामगार संघटनेच्या कार्यालयात हा प्रश्न विचारला जातो. समोर सत्तरी ओलांडलेले निवृत्त मेंटेनन्स फिटर बसले आहेत. शेजारी त्यांची बायको, मांडीवर एक्स-रेची पाकिटं. विचारणारा कार्यकर्ता स्वतः याच औद्योगिक पट्ट्यात टर्नर होता. काका जरा आठवतात. "मेंटेनन्सवालेच. म्हणजे मीच." जुनी दोरी पटाशीने खरवडायची, खोबण साफ करायची, नवी ठोकून बसवायची. "धूळ उडायची का?" "उडायचीच की. झरोक्यातून ऊन आलं की कापूस पिंजल्यागत दिसायचं." "तोंडाला काय बांधायचात?" "रुमाल. तोही घाम पुसायला हातातच असायचा."

कार्यकर्ता लिहीत जातो. कुठला विभाग, कुठली शिफ्ट, कुठल्या साली बदली, बरोबर हेल्पर कोण. बॉयलरच्या पाइपांवरचं लॅगिंग कोण काढायचं, व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग कोण कापायचं, आणि नंतर ते सगळं झाडायचं कोण. चार पानं भरतात. या पानांना 'कामाचा इतिहास' म्हणतात. ॲस्बेस्टॉसच्या आजाराची नुकसानभरपाई मागायची तर अख्खा दावा त्याच पानांवर उभा राहतो.

कारण नुसता एक्स-रे कारखान्याचं नाव सांगत नाही. ॲस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुसाच्या खालच्या भागात बारीक जाळी धरते, श्वास घेताना पाठीमागून चरचर ऐकू येते, चढ चढताना दम लागतो. ही लक्षणं इतरही आजारांत दिसतात. या काकांना आधी दमा सांगितला गेला, मग क्षयाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने विचारलं नाही की तुम्ही काम काय करत होता. विडी ओढता का, एवढं मात्र सगळ्यांनी विचारलं. विडीचा प्रश्न गैर नाही. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पण तो एकच प्रश्न विचारून थांबलं की सगळा दोष कामगाराच्या खिशातल्या बंडलावर जातो आणि कारखाना मोकळा राहतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये ॲस्बेस्टॉस म्हटलं की लोकांना सिमेंटचा पत्रा आठवतो. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठीच्या दशकात भोसरीची एमआयडीसी, बजाज, टेल्को आले आणि त्यांच्यामागे शेकडो लहान वर्कशॉप. पण वाहनांच्या या गावात ॲस्बेस्टॉसचा तंतू बऱ्याच वाटांनी आला. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट घासताना, गॅस्केट कापताना, गॅरेजमध्ये ब्रेक ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवताना. ही कामं करणारे बहुतेक जण स्वतःला ॲस्बेस्टॉसचे कामगार समजतच नाहीत. ते मेकॅनिक असतात, फिटर असतात, कंत्राटदाराचे हेल्पर असतात.

इतिहास लिहून झाला की पुराव्यांची शोधाशोध. नेमणुकीचं पत्र, ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफची जुनी स्लिप, युनियनची वर्गणीची पावती. काकांची कंपनी बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या जागेवर आता गृहसंकुल उभं आहे. मस्टर कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नाही. मग जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्यायची. त्यातले काही गावी गेलेत, काही हयात नाहीत.

कागद हरवणं हे नशीब म्हणून सोडून देता येत नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपली पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने आजार प्रमाणित केलेल्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायचा आदेश झाला. २०११ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदीची मागणी न्यायालयाने फेटाळली, पण १९९५च्या सूचना पाळल्याच पाहिजेत हे पुन्हा बजावलं. निकाल चांगला आहे. तो ज्या वर्कशॉपच्या दारापर्यंत कधी पोचला नाही, तिथला माणूस आज खोकतो आहे.

दाव्याच्या वाटा दोन. ईएसआयचा विमा असेल तर वैद्यकीय मंडळापुढे जायचं. एक्स-रे, सीटी स्कॅन, फुंकून मोजायची फुप्फुसाची चाचणी आणि कामाचा इतिहास पाहून मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या ९० टक्के, अंशतः असेल तर त्या प्रमाणात, दरमहा आयुष्यभर. विमा नसेल तर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची वाट होती, म्हणजे महाराष्ट्रात कामगार न्यायालय. ईएसआयखाली लाभ मिळणारा त्याच आजारासाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागू शकत नाही. गुंतागुंत होते ती या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या कायम कामगारांची. पगार मर्यादेच्या वर गेला की ईएसआय सुटतं, त्यामुळे धूळ खाल्लेली काही वर्षं एका कायद्यात आणि काही दुसऱ्यात मोडतात.

दुसऱ्या वाटेवरचा हिशेब असा होता. पूर्ण कायम अपंगत्वाला मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. जानेवारी २०२० पासून हिशेबात वेतन जास्तीत जास्त १५ हजार धरायचे. वय ६५ किंवा जास्त असेल तर आकडा ९९.३७. म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख ९४ हजार ३३० रुपये. अपंगत्व ३० टक्के ठरलं तर २ लाख ६८ हजार २९९. वय वाढेल तसा आकडा घटतो, आणि हा आजार तर म्हातारपणीच डोकं वर काढतो.

पण रकमेच्या आधी मुदत आडवी येते. त्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली त्या दिवशी अपघात झाला असं मानायचे आणि तिथून दाव्याची मुदत मोजायचे. ॲस्बेस्टॉसच्या जखमेला वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. सबळ कारण दाखवलं तर दावा ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकायचे, पण त्यासाठी आधी वकील, मग तारखा. जो कायदा परिशिष्टात ॲस्बेस्टोसिसचं नाव छापत होता, तोच त्या आजाराच्या स्वभावाकडे पाठ फिरवत होता. माझ्या मते हा निव्वळ अन्याय आहे. आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने या जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. तिची अंमलबजावणी करताना तरी ही विसंगती दूर व्हायला हवी.

हे कठीण आहे, पण अशक्य नाही, हे मुंबईत दिसलं. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोत ब्रेक लायनिंग बनायचं, मूळ मालकी टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीची. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तिथले १८१ कामगार तपासले. २२ टक्क्यांना ॲस्बेस्टोसिस निघाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की देशातल्या अंदाजे एक लाख ॲस्बेस्टॉस कामगारांपैकी तोवर ३०पेक्षाही कमी जणांना भरपाई मिळाली होती. ब्रिटनमध्ये ती मूळ कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पीडितांसाठी निधी उभा राहिला, आणि घाटकोपरच्या कामगारांचे दावे तिथपर्यंत पोचवले गेले. त्यामागे संघटना होती, आजार ओळखणारे डॉक्टर होते आणि नीट लिहिलेला कामाचा इतिहास होता. भोसरीच्या विखुरलेल्या वर्कशॉपांत या तिन्हींची वानवा आहे.

काकू इतका वेळ गप्प होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "यांचे कपडे मीच झटकून धुवायचे. मला पण तपासायचं का?" कार्यकर्ता म्हणाला, "हो काकू, तपासायचंच." तपासणी होईल. दावा मात्र करता येणार नाही. दोन्ही कायदे कामगाराचे आहेत आणि त्या कारखान्याच्या कामगार नव्हत्या. घरी आणलेल्या धुळीला आपल्या कायद्यात जागा नाही.

आणि धूळ अजून थांबलेली नाही. देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये बंद झालं, पण परदेशातून माल येतो आणि पत्रे विकले जातात. भोसरीपासून चाकणपर्यंत जुन्या शेडचे पत्रे उतरवणारी रोजंदारीची पोरं ते ग्राइंडरने कापतात, वरून खाली टाकून फोडतात. त्यांच्याकडे ना ईएसआय, ना हजेरीचा कागद. २०५० साली यांच्यातला एखादा दम लागून डॉक्टरकडे गेला, तर कुठल्या ठेकेदाराचं नाव सांगणार?

म्हणून या पट्ट्यातल्या निवृत्त कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना विनंती. दम लागत असो वा नसो, कामाचा इतिहास आत्ताच लिहून काढा: कंपनी, विभाग, साल, धूळ कुठून यायची, बरोबर कोण होतं. जुनं कार्ड, स्लिप, पावती फेकू नका, झेरॉक्स मुलांकडे द्या. डॉक्टरने विचारलं नाही तर स्वतःहून सांगा आणि ते केसपेपरवर लिहायला लावा. आणि छातीच्या डॉक्टरांनो, विडीच्या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारा: काम काय करत होता?