लाइट आल्यानंतरचा सर्व्हर

छोट्या व्यवसायात ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात, तो बहुधा टेबलाखाली ठेवलेला साधा संगणक असतो. टॅलीचा डेटा त्यात असतो, बिलिंगचे दोन-तीन संगणक त्याला जोडलेले असतात आणि दुकान बंद झाले तरी तो बंद होत नाही. मावळात शिरगाव-सोमाटणे पट्ट्यातल्या दुकानात, लॉजवर किंवा वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात लाइट जाणे नवीन नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात मावळातले विजेचे खांब आडवे झाले होते. तसा दीर्घ अंधार सर्व्हरला फारसा बाधत नाही. बाधते ते लाइटचे पाच मिनिटांत तीनदा जाणे-येणे. पहिल्या झटक्यातून सावरत विंडोज डिस्कवर लिहू लागते, तोच दुसरा झटका बसतो. म्हणून लाइट आली की लगेच बटण दाबू नये. पुरवठा पंधरा-वीस मिनिटे टिकतो का ते पाहावे.

तेवढ्या वेळात सॉकेटमधला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो 230च्या आसपास हवा. वादळात थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात व्होल्टेज 300च्याही वर चढतो आणि शेजारच्या घरात बल्ब मिणमिणतो. असे दिसले, तर वायरमन येईपर्यंत कशालाच हात लावू नये.

पुरवठा ठीक असूनही पंखा फिरत नसेल, तर संशय संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर घ्यावा. त्याच्या 24 पिनांच्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला टेकवली की तो मदरबोर्डविना सुरू होतो. मग पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 व्होल्ट मिळायला हवेत. ही चाचणी उघड्या तारांची आहे, ती जाणकारानेच करावी. पंखा फिरतो पण पडदा काळाच, अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसण्याचा जुना उपाय अजूनही पुष्कळदा लागू पडतो.

सर्वांत जास्त फसवतो तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर2032. नव्या सेलचा दाब सुमारे 3 व्होल्ट असतो. सर्व्हर वर्षानुवर्षे चालूच राहिल्यामुळे सेल कधीच संपला आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुख्य वीज पूर्ण गेली की घड्याळ मागे जाते आणि बायोसच्या सेटिंगा मूळ पदावर येतात. डिस्क ‘रेड’ पद्धतीने जोडलेली होती हेही मदरबोर्ड विसरतो आणि ती दुसऱ्या पद्धतीने वाचू पाहतो. विंडोजला आपली डिस्क सापडत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. इथे विंडोज नव्याने टाकण्याची घाई होते. खरे तर सेल बदलून जुनी सेटिंग आणि तारीख परत भरली की काम होते. चांगल्या दिवशीच त्या सेटिंगांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असेल, तर हे दहा मिनिटांचे काम आहे. दोन डिस्कांचा ‘मिरर’ तुटलेला दिसल्यास ‘क्रिएट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ला चुकूनही होकार देऊ नये. शाबूत असलेली जोडीसुद्धा त्या एका होकाराने पुसली जाऊ शकते.

आता डिस्ककडे वळावे. वीज जाताच फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज तयार होते आणि तिच्या बळावर हेड बाजूला घेतले जाते. त्यामुळे एका झटक्याने डिस्क सहसा मरत नाही. आधीच थकलेली डिस्क मात्र अशाच वेळी मान टाकते. टक-टक आवाज येत असेल, तर ती बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी. आवाज नसला, तरी दुरुस्तीआधी नक्कल करावी. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ‘डीडीरेस्क्यू’ने जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवतात. हा प्रोग्रॅम चांगला भाग आधी उचलतो, हट्टी भागाकडे शेवटी वळतो आणि कुठवर पोहोचला ते एका फाइलीत लिहीत जातो. त्यामुळे मध्ये पुन्हा लाइट गेली, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. निरोगी 1 टीबी डिस्कला सुमारे तीन तास लागतात. मालक डोक्यावर उभा असताना ते फार मोठे वाटतात. तरीही ‘चेकडिस्क’ चालवायची ती नकलेवरच. ती फाइलींची रचना जुळवते, पण ते करताना तुटक्या फाइली कापते आणि ते कापणे उलटवता येत नाही.

नकलेवर चेकडिस्क झाली आणि बूटच्या नोंदी पुन्हा लिहिल्या की विंडोज बहुधा उठते. इथेच काम संपले असे मानण्याची चूक होते. एनटीएफएस ही फाइलपद्धत कोणती फाइल कुठे आहे याची वही सांभाळते, फाइलीच्या आतल्या मजकुराची हमी घेत नाही. म्हणून विंडोज धडधाकट दिसते आणि टॅलीची कंपनी मात्र उघडत नाही. तेव्हा डेटाच्या फोल्डरची आणखी एक प्रत बाजूला ठेवून टॅलीची स्वतःची दुरुस्ती चालवावी. जुन्या ईआरपी 9मध्ये तिला ‘रीराइट’ म्हणत. टॅली उघडल्यावर शेवटचे व्हाउचर आणि छापील बिलबुकातले शेवटचे बिल ताडून पाहावे. मधली बिले हातानेच भरावी लागतात. जीएसटीचे 3बी विवरण महिन्याच्या 20 तारखेला भरायचे असेल, तर ही पडताळणी त्याआधीच उरकावी.

राहता राहिला यूपीएस. त्यातली 12 व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, तरी हिरवा दिवा लागलेलाच राहतो. सगळे काम सेव्ह करून, यूपीएसला सर्व्हरऐवजी एक बल्ब जोडून भिंतीवरचे बटण बंद केले की तिची खरी अवस्था कळते. बऱ्याच यूपीएसना सर्व्हरला जोडायची यूएसबी केबलही असते. बॅटरी उतरत आली की या केबलमार्फत सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. छोट्या ऑफिसांत ही केबल बहुधा खोक्यातच राहून गेलेली असते.