३३२ चा चालक कुणाचा?

८ जानेवारी २०१९. मुंबईत साकीनाक्याच्या थांब्यांवर बेस्टची लाल बस आलीच नाही. वर मेट्रो सुरू होती, खाली अंधेरी-कुर्ला रस्त्याचा सगळा भार रिक्षांवर. बेस्टचे सुमारे ३२ हजार कामगार संपावर गेले होते. नऊ दिवस चाललेला हा संप बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला.

मागण्या साध्या होत्या. २००७ नंतर भरती झालेल्यांना कनिष्ठ वेतनश्रेणीतून बाहेर काढा आणि बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. उत्तर मिळालं ते ‘मेस्मा’चं, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणाऱ्या कायद्याचं. कामगार वसाहतींतल्या घरांवर खोल्या रिकाम्या करण्याच्या नोटिसा लागल्या, तेव्हा कामगारांच्या बायका-मुलांसह कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर उतरली. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांना मध्यस्थ नेमलं, दहा वेतनवाढींचा अंतरिम तोडगा निघाला आणि १६ जानेवारीला संप मिटला.

कामगारांना हे बळ एका दिवसात आलं नव्हतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात किमान पंचवीस टक्के सभासद असलेल्या प्रातिनिधिक संघटनेला सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळाला. ७ ऑगस्ट १९४७ ला बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली. पुढे कामगार नेते शरद राव यांनी आणि २०१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर शशांक राव यांनी ‘बेस्ट वर्कर्स युनियन’च्या नावाने व्यवस्थापनापुढे मागणीपत्रं ठेवली. मरोळच्या आगारातला वाहक असो की कुलाब्याचा, करार एकच.

मग जून २०१९ आला. महापालिका, बेस्ट आणि युनियन यांच्यात सामंजस्य करार झाला. पालिका पैसे देणार, बेस्ट स्वतःच्या ३,३३७ बस कायम राखणार आणि त्या बदल्यात भाडेतत्त्वावरच्या बसना युनियन विरोध करणार नाही. ९ जुलैपासून किमान तिकीट पाच रुपयांवर आलं, प्रवासी खूश झाले. पण गाडी, इंधन, देखभाल आणि चालक हे सगळं कंत्राटदाराचं, बेस्टने फक्त किलोमीटरमागे पैसे मोजायचे, ही व्यवस्था त्याच कराराने पक्की केली. स्वतःच्या ३,३३७ बस राखण्याचं वचन मात्र पाळलं गेलं नाही. २०२५ पर्यंत त्या हजाराच्याही खाली आल्या. कामगारांची ही उघड फसवणूक होती.

या भाड्याच्या व्यवस्थेचा अर्थ ऑगस्ट २०२३ मध्ये उघडा पडला. तुटपुंज्या पगाराला कंटाळून घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतल्या कंत्राटी चालकांनी बस जागेवरच उभ्या केल्या आणि बघता बघता संप शहरभर पसरला. हा तुमचा आणि कंत्राटदाराचा प्रश्न, असं बेस्टचं म्हणणं. अंगावर बेस्टचं काम, पण बोलणी करायला बेस्ट समोर नाही. आठवडाभराने मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आश्वासनावर काम सुरू झालं. हक्काने मिळालेला करार आणि मिनतवारीने मिळालेलं आश्वासन यांत फार अंतर आहे.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची भाड्याची विजेवरची बस गर्दीत घुसली. नऊ जणांचा जीव गेला. कुर्ल्याहून साकीनाक्यामार्गे अंधेरीला जाणारी ही रोजची बस. चालक कंत्राटी होता, आणि त्याला प्रशिक्षण किती मिळालं होतं हा प्रश्न अपघातानंतर विचारला गेला. प्रशिक्षण आणि कामाचे तास हे खरं तर वाटाघाटीचेच विषय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकाहून अधिक संघटना असतील तिथे एकट्याने वाटाघाटी करायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. साकीनाक्यावरून बस नेणाऱ्या कंत्राटी चालकाचं नाव बेस्टच्या हजेरीपटावर नाही, ते कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे.