जुन्या टर्नटेबलसाठी नवे पाय : निवडीमागील भौतिकी

जुन्या टर्नटेबलचे पाय बदलणे ही वरवर पाहता किरकोळ दुरुस्तीची बाब वाटते. बाजारात पाय मिळतात, आटे जुळले की ते बसतात आणि यंत्र पूर्ववत चालू लागते. परंतु जेथे जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अंकीय प्रती तयार करण्याचे काम चालते, तेथे या किरकोळ बाबीचा परिणाम कायमचा होतो. रेकॉर्डच्या खाचेतून जाणारी सुई जी हालचाल अनुभवते, तिच्यातील संगीताची कोणती व जमिनीची कोणती, हे ती ओळखू शकत नाही. दोन्ही सारख्याच इमानाने प्रतीत उतरतात. अतिनीच कंप्रतेचा आवाज मागाहून गाळून टाकता येतो, हे खरे. परंतु त्या कंपनाने सुईचा दाब क्षणभर कमी होऊन जे विरूपण घडले, ते कोणत्याही गाळणीने निघत नाही. म्हणून या निवडीचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित होईल.

पाय बदलावेच का लागतात, हे आधी पाहू. बहुतेक जुने पाय रबराचे आहेत आणि रबर हा चिरस्थायी पदार्थ नव्हे. हवेतील ऑक्सिजनाने ते कालांतराने कडक होते, ओझोनाने ताणाखालील पृष्ठभागावर चिरा पडतात, आणि सतत भार वाहून ते दबलेलेच राहते. पॉलियुरेथेनच्या काही जातींची गत याहून वाईट. दमट हवेत त्यांचे जलविच्छेदन होऊन त्या चिकट होतात. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी जुन्या बुटांच्या तळव्यांत हा प्रकार पाहिलेला असतो. अशा स्थितीत पाय यंत्राखाली असतो खरा, पण त्याचे मूळ कार्य संपलेले असते.

ते कार्य कोणते? पाय हा आधार आहे, तसाच तो एक स्प्रिंगही आहे. त्याच्यावरील वस्तुमान व त्याची दृढता मिळून एक स्वाभाविक कंप्रता ठरते, आणि ती काढण्यास उपकरणांची फारशी गरज नाही. यंत्राच्या भाराने पाय किती मिलिमीटर दबतो ते मोजावे आणि १५.८ या संख्येस त्या दबावाच्या वर्गमुळाने भागावे. येणारे उत्तर हर्ट्झमध्ये असते. १ मिलिमीटर दबणारा पाय सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबणारा सुमारे ८ हर्ट्झ व १५ मिलिमीटर दबणारा सुमारे ४ हर्ट्झ देतो. रबराची कंपनातील दृढता ही स्थिर भाराखालील दृढतेहून अधिक असल्याने त्याच्या बाबतीत खरा आकडा या गणितापेक्षा थोडा वर असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाय जितका मऊ तितका चांगला, ही समजूत फार रूढ आहे. वस्तुतः स्वाभाविक कंप्रतेच्या सुमारे १.४ पटीखाली पाय कंपन अडवीत नाही, उलट वाढवितो. अडविणे त्यापुढे सुरू होते आणि तिप्पट कंप्रतेवर संदमनरहित पायातून सुमारे एक-अष्टमांश कंपन वर पोचते. म्हणजे ही वाढ कोठे होऊ द्यावयाची, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो.

तो निर्णय टोन-आर्म करून ठेवतो. टोन-आर्म व कार्ट्रिज यांचे वस्तुमान आणि सुईच्या आधाराची लवचीकता यांचीही एक अनुस्पंदन-कंप्रता असते. परिणामी वस्तुमान २० ग्रॅम व लवचीकता दर मिलिन्यूटनास १५ मायक्रोमीटर धरली, तर ती सुमारे ९ हर्ट्झ येते. जुळणी करणारे ती मुद्दामच ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात. कारण रेकॉर्डच्या वाकडेपणाची कंपने मुख्यतः तिच्या खाली आणि संगीत तिच्या वर असते. आता वरील गणित पुन्हा पाहावे. ४ मिलिमीटर दबणारा, हाताला सुखद मऊ लागणारा पाय नेमका ८ हर्ट्झवर येतो. जेथे आर्म सर्वांत दुबळा आहे, तेथेच पाय कंपनाची भर घालतो. हौशी दुरुस्तीत हीच निवड वारंवार केली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत वाईट.

संदमनाने हे संकट काही अंशी आवरते, पण फुकट नव्हे. संदमन-गुणोत्तर ०.१ असता अनुस्पंदनाच्या वेळी कंपन सुमारे पाचपट होते; ०.३ असता ते दुपटीहून किंचित कमी राहते. मात्र तिप्पट कंप्रतेवर एक-अष्टमांशाऐवजी एक-चतुर्थांश कंपन वर येऊ लागते. सॉर्बोथेनसारखे पदार्थ निवडताना हा व्यवहार ध्यानात ठेवावा.

यंत्राची जातही पाहिली पाहिजे. १९६१ साली एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन संस्थेने आणलेल्या टर्नटेबलमध्ये थाळी व टोन-आर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोलली आहे. कंपनरोधाचे काम तेथे आतच होते. अशा यंत्राखाली मऊ पाय दिल्यास एकावर एक दोन स्प्रिंगा येऊन दुसरे अनुस्पंदन निर्माण होते. त्याला कडक, न हलणारेच पाय द्यावेत. याउलट १९७९ सालच्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ मध्ये अशी लोंबती चौकट नाही. भरीव बैठकीचे हे यंत्र सुमारे १२.५ किलोग्रॅम भरते आणि कंपनरोधासाठी पायांवर पुष्कळ अवलंबून असते. मूळ रचनेचे चांगले पाय मिळाल्यास येथे प्रयोग करण्याचे कारण नाही.

ते न मिळाल्यास भार मोजूनच पाय निवडावेत. एकूण वजनास चाराने भागणे पुरेसे नसते. मोटर व आर्म यांमुळे गुरुत्वमध्य मध्यभागी नसतो. एका कोपऱ्याखाली वजनकाटा व उरलेल्या तिन्हींखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे ठेवून प्रत्येक कोपरा स्वतंत्र तोलावा. एका पायावर ४ व दुसऱ्यावर २.५ किलोग्रॅम भार असेल, तर सारख्याच दृढतेचे दोन पाय १.६ पट कमीअधिक दबतील आणि थाळी कलेल. आट्यांनी उंची जुळवून पाणसळीवर ती समतल दिसेलही, पण दोन कोपऱ्यांच्या कंप्रता वेगळ्याच राहतील. रबराबाबत आणखी एक गोष्ट विसरली जाते : ते दबते, पण त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही. कडेने फुगण्यास जागा नसेल, तर मऊ रबरही दगडासारखे वागते. पातळ व पसरट चकतीपेक्षा तेवढ्याच रबराचा उंच, अरुंद पाय अधिक लवचीक असतो. आट्यांचे माप मात्र सोपे आहे. वर सांगितलेल्या टेक्निक्सला मेट्रिक ६ मिलिमीटरचे लागतात.

राहिली जमीन. माणूस सेकंदास सुमारे दोन पावले टाकतो; त्यामुळे जमिनीत २ हर्ट्झचे व त्याच्या पटींतील, म्हणजे ४ व ६ हर्ट्झचे धक्के येतात. मुंबईतील जुन्या चाळींच्या लाकडी तक्तपोशीवर ४ हर्ट्झच्या स्प्रिंगा बसविणे म्हणजे यंत्राला झोक्यात ठेवणे होय. तेथे भिंतीवरील फळी व कडक पाय हाच मार्ग. काँक्रीटवरील शहाबादी फरशीवर पावलांचा उपद्रव नगण्य. स्पीकरचा आवाज हाच तेथील शत्रू आणि तो मुख्यतः २० हर्ट्झच्या वरचा. त्यासाठी ४ हर्ट्झच्या आसपासच्या, पुरेसे संदमन असलेल्या स्प्रिंगा उत्तम. पण त्या रुंद व ठेंगण्या असाव्यात, नाही तर यंत्र आडवे डोलू लागते. खालून अणकुचीदार धातूचे खिळे लावण्याची प्रथा आहे. ते यंत्र घट्ट बसवितात, पण कंपन अडवीत नाहीत, आणि कडप्प्यावर ओरखडे तेवढे उठतात.

नवे पाय बसविल्यावर मोटर बंद ठेवून सुई स्थिर रेकॉर्डच्या कडेच्या कोऱ्या खाचेत अलगद टेकवावी आणि आवाज बेताचाच ठेवून फळीवर बोटाने टिचकी मारावी. जुन्या व नव्या पायांवर हेच करून दोन्ही वेळचा ध्वनी मुद्रित करावा. मग खोलीत चालून पाहावे. फळी, आवाजाची पातळी व टिचकीची जागा दोन्ही वेळा तीच असावी, एरवी तुलनेला अर्थ राहत नाही.