रुग्णाच्या नोंदीतूनच निरोप

वॉर्डातल्या परिचारिकेला डॉक्टरांना काही विचारायचं असेल, तर अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत ती साधा मोबाइल मेसेज करत नाही. रुग्णाची सगळी माहिती ज्या संगणक प्रणालीत असते, तिच्यातूनच निरोप जातो. ‘एपिक’ या प्रणालीतली ‘सिक्युअर चॅट’ ही अशीच सोय. निरोपाला रुग्णाची नोंद जोडता येते. त्यामुळे डॉक्टरांना तिथूनच तपासण्यांचे अहवाल, चालू औषधं आणि ॲलर्जी पाहता येते. सारख्या नावांमुळे होणारा घोटाळा टळायलाही मदत होते.

गोपनीयता हे दुसरं कारण. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील नियमांनुसार रुग्णाची माहिती कोणी पाहिली याचा माग ठेवणारी यंत्रणा लागते. खासगी मेसेजमध्ये रुग्णालयाकडे तो माग राहत नाही.

औषधोपचाराच्या लेखी सूचना मेसेजवरून देण्यावर तिथे बराच काळ बंदी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने सुरक्षित मंचापुरती ती उठवली. तरी अशा सूचना थेट प्रणालीत नोंदवणंच श्रेयस्कर मानलं जातं.

मर्यादाही आहेत. ‘वाचला’ अशी खूण दिसली म्हणजे काम झालं असं नव्हे. रुग्ण अचानक खालावला तर फोनच करावा. चॅट आपोआप वैद्यकीय नोंदीत जाईलच असं नाही. म्हणून त्यात ठरलेला निर्णय नोंदीत स्वतंत्रपणे लिहावा. सततच्या निरोपांनी कामात व्यत्यय येतो, तेव्हा बिनतातडीचे प्रश्न एकत्र पाठवलेले बरे.