ऑटिझम आणि स्टेम सेल: लॅबमधलं संशोधन वेगळं, जाहिरातीतलं इंजेक्शन वेगळं!

'स्टेम सेलने ऑटिझम बरा' अशा जाहिराती तुम्ही मोबाईलवर पाहिल्या असतील. शास्त्रज्ञही ऑटिझमसाठी स्टेम सेल वापरतात, पण त्यांचं काम पूर्ण वेगळं आहे. चला, समजून घेऊया.

अडचण काय?
ऑटिझममागे अनेकदा जनुकांमधले बदल असतात. पण हे बदल मेंदूच्या पेशीत नेमकं काय करतात, हे पाहण्यासाठी कुणाच्या मेंदूतून पेशी काढता येत नाहीत.

उपाय: पेशीचं 'फॅक्टरी रीसेट'
जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना स्टेम सेलसारखं बनवलं. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रीसेटमध्ये पेशीची 'मी त्वचा आहे' ही सेटिंग जाते, डीएनए मात्र तोच राहतो.

हे कसं करतात?
१. व्यक्तीचं थोडं रक्त किंवा त्वचेचा छोटा तुकडा घेतात.
२. पेशी रीसेट करून वाढवतात आणि गोठवून ठेवतात. हीच 'सेल लाईन'.
३. त्यातून मेंदूच्या पेशी तयार करतात.
४. क्रिस्परने फक्त तो एक बदल दुरुस्त केलेल्या पेशींशी त्यांची तुलना करतात. कोडची एकच ओळ बदलून बग शोधतो ना, तसंच!

उदाहरण
टिमोथी सिंड्रोम या दुर्मिळ आजारात ऑटिझमही दिसतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने अशा रुग्णांच्या त्वचेपासून मेंदूच्या पेशी बनवल्या. त्यांत कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त शिरत होतं. अर्थात, बहुतेकांच्या ऑटिझममागे असं एकच जनुक नसतं, म्हणून हे काम अवघड आहे.

भारतात?
बंगळुरूच्या निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी २०१६ पासून स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांसाठी रुग्णांच्या कुटुंबांतून अशाच सेल लाईन्स बनवल्या आहेत. आपल्या नाशिकहून जवळ म्हणजे पुण्याचं एनसीसीएस. तिथली सेल बँक देशभरातल्या लॅब्सना विविध सेल लाईन्स पुरवते.

लक्षात ठेवा
या संशोधनात पेशी माणसाकडून लॅबमध्ये जातात, लॅबमधून माणसात नाही. देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल देणं ही मान्य उपचारपद्धती नाही. ते फक्त मंजूर चाचणीतच करता येतं. म्हणून कुणी इंजेक्शनचं पॅकेज विकत असेल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'ही मंजूर चाचणी आहे का? नोंदणी क्रमांक दाखवा.' नंबर मिळाला तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या वेबसाईटवर स्वतः तपासा.